सव्वामुठे कोणाचे

संशय घ्यायचाच तर पुरता घ्यावा, अर्धवट घेऊ नये, असं माझं मत होतं. आता ते मत मी कोणाला सांगत नाही.

नमनवर मी पुरता संशय घेतला. नमन म्हणजे नंदुरबारच्या बाजारातल्या अमरचंदकाकांचा मुलगा. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, पुढे तो कापडाच्या दुकानात बसला, मी लग्न करून त्याच गावात आले. गेली सहा वर्षं आम्ही दोघं मिळून एक जग बनवत होतो. हसू नका. जग म्हणजे खरंच जग: नद्या, डोंगर, गावं, सणवार, शिव्या. सातपाट त्याचं नाव. तिथे राक्षस आहेत, राक्षसांची शिकार करणारे जागले आहेत, आणि माणसांच्याही आधीची एक जादूची जमात आहे, सव्वामुठे. राक्षस आणि जागले नमनचे, सव्वामुठे माझे. दर रविवारी दुकान बंद असलं की गादीवर नकाशा पसरून आम्ही भांडायचो. माझा नवरा राजेंद्र म्हणायचा, 'लोक रविवारी भाजी आणतात, ही राक्षस आणते.'

सव्वामुठे मी हवेतून काढले नव्हते. माझं माहेर कोरीटचं. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड भाकरीसाठी, घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, आणि तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला कणभर द्यायचा नाही. त्यावरून मी ही जमात उभी केली. तिची सगळी जादू भाकरीत. आपल्यातल्यानं खाल्ली तर त्याला राक्षस खऱ्या रूपात दिसतो, परक्यानं खाल्ली तर त्याला आरशात स्वतःचं तोंड ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक जागल्याला सोबत एक सव्वामुठा लागतो. एकट्यानं शिकारीला गेलेला जागल्या परत येत नाही.

पुण्याच्या एका प्रकाशनाच्या बाईंना आम्ही दोनशे पानं पाठवली. त्यांना आवडली. मुखपृष्ठावर दोन नावं येणार, असं ठरलं. मग एक दिवस त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "चेतनाताई, हे सव्वामुठे मोबाइलवर आधीच चालू आहेत. एका ॲपवर, आठवड्याला एक भाग. तुम्ही पानं पाठवायच्या दोन महिने आधीपासून." लेखकाचं नाव होतं 'खान्देशी वाघ'. बाई पुढे म्हणाल्या की हे जग तुमचं आहे असं महिनाभरात दाखवा, नाहीतर आम्हाला छापता येणार नाही.

सहा वर्षं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मी हातानं लिहिते. नमन ते कॉम्प्युटरवर टाइप करतो. त्याच्याशिवाय ती पानं कोणाकडे नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. भरलेल्या वह्या मी कोरीटला मायच्या पेटीत ठेवायचे, कारण आमच्या दोन खोल्यांत राजेंद्रच्या बुटांनाच जागा पुरत नाही. पण कोरीटच्या घराकडे माझी नजर गेलीच नाही. एका रोटाची माणसं ती. चोर शोधायचा तर बाहेरचा शोधायचा, हे आमच्या रक्तातच आहे.

आणि एकदा बाहेरचा धरला की मग सगळं त्याच्याकडेच बोट दाखवायला लागतं. नमन फोन उलटा ठेवायचा. आधीही ठेवत असेल, पण मला आता दिसायला लागलं. ॲपचा विषय काढला की तो गप्प व्हायचा. एका रविवारी नकाशावर नदी काढता काढता त्यानं मान वर न करता विचारलं, "तुन्ह्या वह्या कोठे ठेवस?"

"कसाले?" मी म्हटलं.

"असंच."

असंच कोणी विचारतं का? टाइप केलेलं विकून झालं, आता वह्याही हव्यात साहेबांना, असं मला वाटलं. मी त्याला सांगितलं नाही. घरी येऊन तव्यावर चपाती जाळली आणि राजेंद्रवर ओरडले.

बुधवारी सकाळी मी दुकानात गेले. चार बायका लुगडी बघत होत्या, काका गादीवर बसले होते, नमन तागा गुंडाळत होता. मी म्हटलं, "किती दिले तुला त्या ॲपवाल्यांनी?"

त्याला लगेच समजलं. तेही मला चोरासारखंच वाटलं. तो म्हणाला, "चेतना, आधी घरी बघून घे."

"घरी काय बघू? घरातलं परक्याला सांगितलं, हीच चूक झाली माझी."

लुगडी बघणाऱ्या बायका आता मला बघत होत्या. अमरचंदकाकांनी चष्मा काढला. हा माणूस मला कॉलेजपासून ओळखतो, माझ्या लग्नाचा शालू त्यांच्या हातनं निवडलेला. ते हळू म्हणाले, "बेटी, मन्हा पोऱ्या चोर शे, हाई तू सांगी ऱ्हायनी का?"

मी म्हटलं, "हां."

नमननं तागा खाली ठेवला. मला गल्ल्यामागच्या कॉम्प्युटरजवळ बोलावलं आणि सातपाटची एकेक फाइल माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकली. मग नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. म्हणाला, "आता पुढचं कोणी चोरलं तर तो मी नसेन, एवढं तरी तुला कळेल." मी नकाशा काखेत मारला आणि ताठ मानेनं बाहेर पडले. जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी कानबाई होती. मी कोरीटला गेले, पुरण शिजवलं, गिलक्याची भाजी केली. रोट वाढायची वेळ आली तेव्हा मी ओट्यावर येऊन बसले. लग्न झालेल्या लेकीनं बाहेर बसायचं, यात मला कधी काही वाटलं नाही. आत सगळे जेवत होते, मी भरत आलेली वही काढून लिहीत होते. थोरली मूठ नावाची सव्वामुठ्यांची म्हातारी मरते, तो भाग. इतक्या घाईनं लिहिला की एका पानावर तिचा डावा हात राक्षस तोडून नेतो आणि दोन पानांनी ती त्याच डाव्या हातानं कणीक मळते. चूक लक्षात आली, पण तेवढ्यात बसची वेळ झाली. वही पेटीत टाकली आणि निघाले.

आठ दिवसांनी ॲपवर नवा भाग आला. थोरली मूठ मेली होती. माझ्याच शब्दांत. आणि तुटलेला डावा हात कणीक मळत होता.

मी तो भाग दोनदा वाचला. ते पान नमननं बघितलंही नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. मिळेल त्या गाडीनं कोरीटला गेले.

मागच्या खोलीत माझा धाकटा भाऊ हेमकांत, आमचा हेमा, खाटेवर बसला होता. मांडीवर माझी वही, हातात मोबाइल. वहीत बघून बघून तो अंगठ्यानं टाइप करत होता. मला बघून त्यानं वही उशीखाली सारली, लहानपणी बोरं लपवायचा तशी.

"खान्देशी वाघ," मी म्हटलं. "नखं दाखव बघू."

चार वर्षं तो स्पर्धा परीक्षा देत होता. प्रत्येक वेळी निवड थोडक्यात हुकायची. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, लोक वाचतस व. नऊ हजार लोक वाचतस. माले पहिल्यांदा कोनीतरी वाखाणी ऱ्हायनं."

"मग स्वतःचं लिही."

"येत नही," तो म्हणाला. त्याच्यावर हात उगारला होता, तो मी खाली घेतला.

माय दारात येऊन उभी होती. तिला सगळं माहीत होतं. दिवाळीनंतर हेमाचं लग्न ठरत होतं, आणि मुलीकडच्यांना तिनं सांगून टाकलं होतं की पोऱ्या लेखक शे. मी म्हटलं, "माय, मला माझ्या वह्या दे. पुण्याला दाखवायच्यात."

माय पेटीवर जाऊन बसली.

"तुले काय कमी शे?" ती म्हणाली. "धनी नोकरीले शे, घर शे. याले काय शे? तू पुनावाल्या बाईले सांग का हाई याचंच शे."

"ते माझं आहे, माय."

"कानबाई आमन्या घरनी. रोट आमना. त्यानी खायेल शे, तू आते परघरनी शे." ती रागानं बोलत नव्हती. गॅस संपलाय असं सांगावं तसं सांगत होती. तेच जास्त लागलं. मी तिला उठवू शकले असते, तिचं वजन किती. पण आईला पेटीवरून ढकलायचं कसं? कुंपणानंच शेत खाल्लं, आणि कुंपण आपल्या आईचं. मी रडत गाडीत बसले, शेजारच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली.

वह्या गेल्या. फाइली मीच पुसायला लावल्या. सहा वर्षं हे जग कोण बनवत होतं हे सांगणारा माणूस उरला एकच, आणि त्याला मी भर दुकानात चोर म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेले. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. नमन उभा राहिला. मी म्हटलं, "चुकले. हेमा होता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मला पहिल्याच भागात कळलं. तुझ्या चुका त्यात तशाच होत्या. टाइप करताना मी त्या काढतो. म्हणजे फाइलीतून गेलं नव्हतं, वहीतून गेलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं, वह्या कुठे ठेवतेस. तुझ्या भावाचं नाव मी घेतलं असतं तर मानलं असतंस?"

मी नसतं मानलं. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. नमननं दुकानाचं लेटरहेड घेतलं आणि लिहायला बसला. सही केली, शिक्का मारला, कागद माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं: सातपाट हे जग, त्यातले सव्वामुठे, जागले आणि सर्व राक्षस चेतना राजेंद्र पाटील यांनी सहा वर्षांत एकट्यांनी रचले. मी फक्त टाइप केले.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "राक्षस तुझे आहेत. जागले तुझे आहेत. तुझं नाव घाल, नमन."

"माझं नाव नको आता तुझ्या नावाशेजारी," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला परकर दाखवायला वळला.

मी कागद घेऊन बाजाराच्या कोपऱ्यावर उभी राहिले. फाडावा असं मनात आलं. महिना संपायला दोन दिवस होते. मी फोटो काढून पुण्याला पाठवला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. एवढं पुरेसं आहे म्हणाल्या, खूश होत्या. मग म्हणाल्या, "मला तर राक्षस सगळ्यात जास्त आवडले. ते सगळे तुमचेच ना?"

मी हो म्हणाले.