तळातली थंडी

माझा पपा सात वर्षं बिअरला शिवला नव्हता. मिशिगन सरोवराच्या काठच्या आमच्या गावात असं कुणाबद्दल कळलं की लोक आधी विचारायचे, "डॉक्टरनं बंद केली का?" डॉक्टरचा काही संबंध नव्हता. एकोणनव्वद साली नदीकाठचा बिअरचा कारखाना बंद झाला, त्या संध्याकाळी पपानं घरातले बिअरचे ग्लास खोक्यात भरले आणि माळ्यावर टाकले. शुक्रवारी चर्चच्या तळघरात सगळं गाव तळलेला मासा खायला जमायचं, तिथंही हा कॉफी घेऊन बसायचा.

त्या कारखान्यात पपा एकतीस वर्षं थंडीचा माणूस होता. बिअर बनवणारे वेगळे, बाटल्या भरणारे वेगळे, पपाकडे फक्त थंडी. जमिनीखालच्या लांबलचक तळघरात चाळीस टाक्या आठवडेच्या आठवडे मुरत असायच्या. तिथं पारा अडतीस-चाळीसच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. आमच्या फॅरनहाइट मोजणीत बत्तीसला पाणी गोठतं, म्हणजे बर्फाच्या उंबरठ्याजवळच उभं राहायचं. कामावरून आला की त्याच्या लोकरी जॅकेटला ओल्या दगडाचा, यीस्टचा आणि थंडीच्या यंत्रातल्या अमोनियाचा किंचित वास यायचा. जुलैच्या उकाड्यात मी त्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून बसायची. जॅकेट अर्धा तास तरी गार राहायचं.

कारखाना बंद झाला त्या दिवशी टाक्या भरलेल्या होत्या. बिअर अजून मुरायची होती. मुख्य बिअरमास्तर गेरहार्ड क्रान्झ हातात कागद घेऊन खाली आला आणि म्हणाला, "ऑर्व्हिल, कॉम्प्रेसर बंद कर." पपा म्हणाला, "हिला अजून वीस दिवस हवेत." क्रान्झ म्हणाला, "मालकांचा हुकूम आहे. बंद कर." पपानं स्वतःच्या हातानं थंडीची चारही यंत्रं बंद केली. पुढच्या आठवड्यात चाळीस टाक्या गटारात सोडल्या. नदीला दोन दिवस फेस होता, तो सगळ्या गावानं पाहिला. त्यानंतर पपा आणि क्रान्झ एकमेकांशी बोलले नाहीत. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे.

शहाण्णव साली मी गावच्या शाळेत शिकवायला परत आले. चौतीस वर्षांची होते. शहरात असताना घरी बिअर बनवायचा नाद लागला होता. आईबापाच्या गॅरेजमध्ये जागा मागितली, तर आई म्हणाली, "कर बाई, पण त्याला चाखायला सांगू नकोस."

बिअर बनवणं जमत होतं. ती गार ठेवून तोटीतून काढणं, तिथं घोडं अडायचं. एका शेतकरणीकडून मी जुना आडवा फ्रीजर आणला, ज्यात ती हरणाचं मांस आणि मका ठेवायची. त्यात सोडावाल्यांची चार जुनी स्टीलची पिंपं उभी राहिली. फ्रीजरच्या पत्र्याला भोकं पाडली तर आतल्या नळ्या फुटतात, म्हणून झाकणाच्या खाली मी वीतभर उंच लाकडी चौकट बसवली आणि तोट्या त्या चौकटीतून बाहेर काढल्या. फ्रीजर आपणहून सगळं गोठवणार, म्हणून मध्ये एक थर्मोस्टॅट लावला. आत ठरवलेली थंडी झाली की तो वीज तोडायचा. अडतीसवर ठेवला. मला वाटलं, झालं काम.

पहिल्या शनिवारी शाळेतल्या दोन बायकांना बोलावलं आणि तोटी उघडली. ग्लासात नुसता फेस. दुसऱ्या ग्लासात अर्धा फेस. तिसरा बरा आला, पण तोवर त्या बिचाऱ्या ओठांवरच्या फेसाच्या मिश्या पुसत बसल्या होत्या. पिंपातल्या वायूचा दाब कमी केला, तरी तेच. पुढच्या आठवड्यात एका पिंपातून काहीच येईना. उघडून पाहिलं तर तळाशी बिअरचा बर्फ. वरून फेस आणि खालून बर्फ, एकाच पेटीत.

पपा गॅरेजच्या दारात उभा होता. आत पाऊल टाकलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. थर्मोस्टॅट बिघडलाय."

"बिघडलेला नाही. त्याची नळी कुठं टांगलीयस?"

थर्मोस्टॅटला तांब्याची बोटभर नळी असते, तिला जेवढी थंडी कळते तेवढंच तो जाणतो. मी ती वरच्या बाजूला तारेला टांगली होती.

"वर," मी म्हणाले.

"मग तो वरचंच सांगणार," एवढं बोलून पपा घरात निघून गेला.

पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा आई अंगणातच भेटली. "तुझ्या बापानं माझा भाजलेल्या मांसाचा थर्मामीटर नेलाय. शेजारच्या लॉरेटाचाही नेलाय. माशांच्या काचेच्या पेटीतलासुद्धा काढला. विचारलं तर म्हणतो, काम आहे. सात वर्षांत काम होतं का त्याला?"

गॅरेजमध्ये पपा एका उलट्या बादलीवर बसला होता. अंगात तेच जुनं लोकरी जॅकेट. फ्रीजरमध्ये सात थर्मामीटर सुतळीला बांधून वेगवेगळ्या उंचीवर सोडलेले. मांडीवर वही.

"ये," तो म्हणाला. "झाकण उघडू नकोस, आत्ताच बंद केलंय. तळाला सत्तावीस. मध्ये पस्तीस. वर तोट्यांपाशी एक्कावन्न. एवढ्याशा पेटीत चोवीस डिग्रीचा फरक! माझ्या तळघरात ठरल्यापेक्षा एका डिग्रीचा फरक पडला तर मला झोप लागायची नाही."

"का होतंय असं?"

"थंड हवा जड असते. खाली जाऊन बसते, आणि कुणी उठवलं नाही तर तिथंच बसून राहते. तुझी बिअर तळातून निघते ती गार, वरच्या नळीत येऊन तापते, आतला वायू सुटतो, म्हणून फेस. आणि तुझा तो शहाणा थर्मोस्टॅट वर टांगून घेऊन बोंबलतोय, गरम आहे, गरम आहे. मग यंत्र चालतंय, चालतंय, आणि खाली बर्फ." त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. "थंडी कमी नाहीये मार्लिस. थंडी फिरत नाहीये."

एवढं लांब तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. मी गप्प उभी राहिले, मध्ये काही बोलले तर थांबेल या भीतीनं.

"हवा खेळवायला पंखा लागेल. लहान, पण चोवीस तास चालणारा," तो म्हणाला.

शाळेत मोडीत काढलेले संगणक पडले होते. त्यातल्या एकाचा तळहाताएवढा पंखा मी काढून आणला. पपानं पन्हाळीचा उरलेला नळ कापला, पिंपांच्या मध्ये उभा केला आणि पंखा त्याच्या वरच्या तोंडावर बसवला. पंखा तळातली हवा वर ओढायचा आणि तोट्यांच्या नळ्यांवर फेकायचा. थर्मोस्टॅटची नळी त्यानं आईच्या लोणच्याच्या बरणीत, पाण्यात बुडवली आणि ती बरणी पिंपांच्या मधोमध ठेवली.

"पाण्यात का?"

"झाकण उघडलं की हवा पळते. थर्मोस्टॅट घाबरतो, यंत्र चालू करतो, झाकण लागलं की बंद, पुन्हा चालू. असं दिवसभर केलं तर यंत्र मरतं. बिअर काय अशी पळत नाही. पाणी बिअरसारखं सावकाश वागतं. म्हणून त्याला विचारायचं."

लाकडी चौकटीला आतून फोमचे तुकडे चिकटवले. मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. तासाभरानं वर एक्केचाळीस, खाली छत्तीस. संध्याकाळपर्यंत वर एकोणचाळीस, खाली अडतीस. पपानं झाकण जरासं उचलून हात आत घातला, मनगट वळवून हवेत धरलं, लहान मुलाचा ताप बघतात तसं. "हं," म्हणाला. "आता ठीक."

मी ग्लास भरला. तीन बोटं फेस, खाली स्वच्छ बिअर. त्याच्यासमोर धरला. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"तूच पी. मी फक्त थंडी बघतो."

आता मला खोड सुचली. कारखान्याची वसंतात निघणारी काळी बिअर गावात अजून लोकांच्या बोलण्यात होती. तशी आपल्याला जमेल का, हे विचारायला मी क्रान्झच्या घरी गेले. पपाला सांगितलं नाही. क्रान्झ सत्तरीचा, विधुर, टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होता.

"मिस्टर क्रान्झ, मी ऑर्व्हिल डेपीसची मुलगी. ती काळी बिअर मला बनवायचीय."

"तुझ्या बापाला माहीत आहे तू इथं आलीस ते?"

"नाही."

"मग कठीण आहे तुझं." पण त्यानं काठी खाली ठेवली. कागदावर काही लिहून दिलं नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसवून तोंडी सांगितलं: कोणतं माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेलं जव, किती भाजलेलं, किती दिवस थंडीत. शेवटी म्हणाला, "सहा आठवडे. एक दिवस कमी नाही. आणि थंडी सारखी राहिली पाहिजे. तेवढं जमेल?"

"थंडी आमच्याकडे चांगली आहे," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. त्याला समजलं असावं.

सहा आठवडे पपा रोज सकाळी वहीत आकडे लिहीत होता. पिंपात काय आहे ते मी सांगितलं नव्हतं. वासावरून त्याला कळलंच असणार, पण तोही काही बोलला नाही.

शेवटच्या शनिवारी दुपारी क्रान्झ आपणहून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात राय धान्याच्या पावाची लादी. पपा बादलीवर बसलेला. मी मध्ये उभी.

"ऑर्व्हिल."

"क्रान्झ."

मी पटकन ग्लास भरला. क्रान्झनं उजेडात धरला, हुंगला, घोट घेतला, तोंडात घोळवला.

"तीच आहे," तो म्हणाला. "पण दोन डिग्री जास्त गार. माल्ट लपतंय."

पपा ताडकन उठला. "दोन डिग्री? एकतीस वर्षं तू मला हेच ऐकवत आलास! काळीला चाळीस, पिवळीला अडतीस, आणि दोन्ही एकाच तळघरात! एका पेटीत दोन हवामानं करून दाखव ना तू!"

"तेव्हा करत होतास की."

"तेव्हा माझ्याकडे चार कॉम्प्रेसर होते!"

बोलून पपा थांबला. गॅरेजमध्ये फक्त त्या लहान पंख्याची घरघर. क्रान्झनं ग्लास फ्रीजरच्या झाकणावर ठेवला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "ती बटणं मी दाबायला हवी होती. बिअर माझी होती. माझ्यानं होईना, म्हणून तुझ्या हातून करून घेतलं. मालकांचा हुकूम होता हे खरं. पण तुझ्या हातून, हे माझं. सात वर्षं सांगायचं होतं, ऑर्व्हिल."

पपानं वही उघडली, मिटली. मग मला म्हणाला, "मार्लिस, माळ्यावर एक खोकं आहे. आण बघू."

ग्लासांवर धुळीचा थर होता. आईनं धुऊन दिले. पपानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले. मी दुसरीकडे पाहिलं. थोड्या वेळानं तो क्रान्झला म्हणाला, "दोन नाही. एकच डिग्री."

"बरं, दीड," क्रान्झ म्हणाला.

त्यानंतरची आठ वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. शनिवारी दुपारी तीन वाजता गॅरेजचं दार वर जायचं. कारखान्यातली जुनी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन यायची. आई सॉसेज भाजायची आणि सगळ्यांना शिव्या घालायची. घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये पपाचं नाव झालं. दूरदूरच्या गॅरेजांतून फोन यायचे: फेस येतोय, बर्फ होतोय, झाकणाला आतून पाणी सुटतंय. पपा सात थर्मामीटर आणि सुतळी घेऊन निघायचा. क्रान्झ बरोबर जायचा, कारण कुणीतरी बिअर चाखून नावं ठेवायला हवी, असं त्याचं म्हणणं.

मग क्रान्झची छाती बिघडली. डॉक्टरांनी कोरड्या हवेत जायला सांगितलं, आणि मुलगा त्याला ॲरिझोनाला घेऊन गेला. दर रविवारी फोन यायचा. एका रविवारी क्रान्झ म्हणाला, इथं बिअर डब्यातून प्यावी लागते, गॅरेजमध्ये तर तेलसुद्धा पातळ होतं, फ्रीजर कसला टिकतोय.

पपा तेव्हा शहात्तर वर्षांचा. आमच्या विस्कॉन्सिन राज्याच्या बाहेर दोनदा गेला असेल. फोन ठेवून तो गॅरेजमध्ये गेला आणि हत्यारं भरायला लागला.

"ऑर्व्हिल, तू वेडा झालायस का?" आई म्हणाली. "तिथं एकशे दहा डिग्री असतात!"

"म्हणूनच," पपा म्हणाला.

मी त्याला आगगाडीत बसवलं. तो तिथं पाच आठवडे राहिला. मधूनमधून फोन करून चिडचिड करायचा: क्रान्झच्या मुलानं फ्रीजर भिंतीला चिकटवून ठेवला होता, मागची गरमी जाणार कुठं? वीतभर पुढे ओढला. लोकांना कळत कसं नाही? क्रान्झ खुर्चीवर बसून नुसता हुकूम सोडतो. इथल्या पावाला चव नाही.

चौथ्या आठवड्यात फोन आला तेव्हा आवाज हळू होता.

"बाहेर एकशे नऊ," तो म्हणाला. "आत वर एक्केचाळीस, खाली चाळीस. तीन दिवस हललं नाही. क्रान्झला हात धरून खाली आणला, ग्लास दिला."

"काय म्हणाला?"

"सगळा संपवला आणि ग्लास पुढे केला."

त्या हिवाळ्यात क्रान्झ गेला. त्याच्या मुलानं लिहिलं, रोज दुपारी एक ग्लास शेवटपर्यंत चुकला नाही. पपा त्यानंतर आणखी सहा वर्षं होता. आता गॅरेज माझं आहे. शनिवारी येणाऱ्यांत जुन्यातला एकच उरलाय. बाकीची नवी माणसं, कारखाना न पाहिलेली, आणि त्यांना नदीचा तो फेस सांगितला तर खरं वाटत नाही.