डाव्या अंगाचा मोगरा

"अर्धी भाकर! पाहा गा, पाहून घ्या सारे. पोटच्या लेकाच्या घरी मले अर्धी भाकर भेटते."

प्रयागबाईचा आवाज आजारानं काही कमी झाला नव्हता. डावा हात गेला, डावा पाय गेला, पण जीभ जागच्या जागी शाबूत. छपरीतल्या बाजेवर उशाला टेकून ती रोज जेवायच्या वेळी गल्लीला हाका मारायची आणि गल्लीतल्या बाया आपापल्या दारात येऊन चुकचुकायच्या.

सून सिंधूताई चुलीपुढून उठून आली. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलेला, बाहेर ऊन असं की कोंबडीसुद्धा सावली सोडायला तयार नाही, आणि ही बाई त्या उन्हात चुलीशी भाकरी थापत होती. तिनं ताटात पाहिलं. ताटाची उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी लख्ख होती. डावीकडं अर्धी भाकर, अर्धं पिठलं आणि कैरीचा तक्कू जसाच्या तसा. तक्कूला तर बोटही लागलं नव्हतं.

"हे काय हाय मंग, आत्याबाई?"

"काय हाय? काही नाही. ताट चाटू का आता?"

सिंधूताईनं ताट उचललं. बुढी मुद्दाम करते, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. अर्धं टाकायचं, उपाशी ठेवते म्हणून ओरडायचं आणि सुनेचं नाव गावभर खराब करायचं. तीस वर्षांचा अनुभव काही कमी नसतो.

शहराला लागून असलेल्या वाडीच्या पुढं अमरावती रोड सोडून आत वळलं की हे गाव. निम्म्या शेतांवर आता गोदामांची कुंपणं. सिंधूताई या घरात आली तेव्हा सगळी शेतंच होती. माहेराहून येताना तिनं ओल्या फडक्यात मोगऱ्याची काडी आणली होती आणि आंगणात लावली होती. पहिली कळी आली त्या दिवशी तिनं ती केसात खोवली. प्रयागबाईनं कळी केसातून ओढून काढली, झाड उपटलं आणि दोन्ही चुलीत घातलं. "घरातल्या बाईनं फुलं माळाची कोनासाठी वं? कोनाले दाखवते?" एवढंच म्हणाली. दुसरं झाड लावलं तर त्याच्या बुडाशी भाताची उकळती पेज ओतली. तिसरं सिंधूताईनं न्हाणीमागं लपवून लावलं. तिथं अंघोळीच्या पाण्यावर ते वाढलं, त्याची आणखी चार झाली. पण केसात फूल काही पुन्हा गेलं नाही. उमललेली फुलं ती पाण्याच्या माठात टाकायची, तीही सासू शेतात गेल्यावर, आणि ती यायच्या आत काढून घ्यायची. नवरा, रुपराव, पाणी प्यायचा आणि काही बोलायचा नाही. तो कशालाच काही बोलायचा नाही.

शिमग्याच्या आधी बुढीला झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यात महिनाभर राहून घरी आली ती बाजेवरच. मग सिंधूताईनं एक काम केलं. न्हाणीमागचे पाचही मोगरे मुळासकट काढून तेलाच्या पिंपांत लावले आणि ती पिंपं ओढत आणून बाजेच्या अगदी डाव्या अंगाला ओळीनं मांडली. शेजारी तिपाईवर माठ, त्यात ताजी फुलं. बुढीच्या हातापासून वीतभर दूर. आता पाहत राहा म्हणावं. उपटून दाखव.

तिनं मोगऱ्याला इतकं पाणी कधी घातलं नव्हतं. दुपारी जुन्या लुगड्याची सावली करायची, संध्याकाळी पानं पुसायची. कैऱ्या उकडून पन्हं करायची आणि तिथंच, पिंपाला पाठ लावून, बुढीच्या डोळ्यांदेखत घोट घोट प्यायची. बुढीला साखर वर्ज्य होती.

येणारे-जाणारे म्हणायचे, सून किती करते पाहा, उशाशी फुलं ठेवते. सिंधूताई मान खाली घालून ऐकून घ्यायची.

पण बुढी फुलांबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. एवढंच विचारायची, "कोनाकडं मोगरा फुलला वं? वास येऊन राहिला." आणि उजवीकडच्या भिंतीकडं पाहत बसायची. नाकाशी मोगरा आणि विचारते कोणाकडं. हा डाव सिंधूताईला सगळ्यात जास्त झोंबला. तिला शिवी चालली असती, शापही चालला असता. फक्त बुढीनं त्या झाडांकडं एकदा पाहायला हवं होतं.

नणंद प्रेमिला वाडीला भाड्याच्या खोलीत राहायची. दवाखान्यात दाखवायची तारीख आली तेव्हा ती सोबत आली. आईनं गाडीत बसल्या बसल्या अर्ध्या भाकरीचं सांगितलं. प्रेमिला खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "वहिनी, आमची माय काही फार दिवसाची नाही. पोटभर घालत जा."

सिंधूताईनं बुढीचा घसरलेला डावा पाय उचलून नीट ठेवला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बुढीचा हात उचलून पाहिला, पाय पाहिला आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजी, या खोलीत कोण कोण आहे?"

"तुम्ही हाय. माही प्रेमिला हाय."

"आणि सूनबाई?"

"ते कायले येते? घरी झोपली असन."

सिंधूताई बुढीच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, पण मेंदूच्या लेखी डावी बाजू नाहीच. ताटातलं डावीकडचं त्यांना कळत नाही, डावीकडं उभं असलेलं माणूस कळत नाही. जेवण अर्ध्यावर आलं की ताट फिरवत जा म्हणाले. हे महिन्याभरानं सुट्टी देतानाच रुपरावला सांगितलं होतं म्हणे. नंतर विचारल्यावर रुपराव म्हणाला, सांगतलं असन. तेव्हा तो गाडी शोधून राहिला होता.

घरी आल्यावर प्रेमिलानं पुढाकार घेतला. आईपुढं ताट ठेवलं, अर्धं झाल्यावर फिरवलं. बुढी अख्खी भाकर जेवली, तक्कू मागून घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आज माह्या पोरीनं जेवू घातलं. अडीच महिन्यात आज पोट भरलं."

भाकर सिंधूताईनं थापली होती. तक्कूही तिचाच. प्रेमिलानं पदरानं डोळे पुसले आणि चारच्या गाडीनं वाडीला निघून गेली.

सिंधूताईनं उष्टं ताट आंगणात घासायला घेतलं. अडीच महिने तिनं ज्या बाईवर सूड उगवला त्या बाईला सूड पोचलाच नव्हता. मग तिनं रुपरावला हाक मारली आणि दोघांनी मिळून बाज फिरवली, डोक्याकडची बाजू पायाकडं. आता मोगरा बुढीच्या उजव्या अंगाला आला.

प्रयागबाईनं डोळे बारीक केले. पाच पिंपं पाहिली. पांढरीशुभ्र फुलं पाहिली. बुढी आजारी होती, म्हातारी होती, मरणाच्या दारातून परत आली होती. माणूस बदलतं म्हणतात.

"कोनं लावलं वं हे?"

"म्या लावलं."

"उपटून चुलीत घाल," प्रयागबाई म्हणाली. "कोनाले दाखवते?"

रुपराव पाणी प्यायला आत निघून गेला. सिंधूताईनं एकटीनं बाज फिरवली. पूर्वी होती तशी. बुढीचं तोंड पुन्हा भिंतीकडं झालं आणि मोगरा पुन्हा नाहीसा झाला.

दिवस कलताना तिनं ताट वाढून बाजेवर ठेवलं. मग डाव्या अंगाला जाऊन पिंपाशी बसली, ओटीत कळ्या घेतल्या आणि गजरा ओवायला घेतला. सासूपासून हातभर अंतर. शेजारी पन्ह्याचा गिलास. केस आता विरळ झालेले, गजरा धरेना. दोन आकडे लावावे लागले.

"सिंधू," बुढी भिंतीला म्हणाली. "कुठं हाय वं?"

"इथंच हाय, आत्याबाई."

"वास येते. फुलं माळून नाही ना बसली?"

"नाही, आत्याबाई."

बुढी जेवत राहिली. मग बोटं ताटावर खरवडल्याचा आवाज झाला आणि नेहमीची हाक उठली, "अर्धी भाकर! पाहा गा, अर्धीच भाकर..."

सिंधूताईनं पन्ह्याचा शेवटचा घोट घेतला. गजरा चाचपून पाहिला, सैल वाटला म्हणून एक आकडा काढून पुन्हा नीट बसवला. गल्लीत दोन दारं उघडली, तरी ती उठली नाही. दुसरा आकडाही बसवला.

मग हात लांबवून ताट फिरवलं.