मला काय धाड भरलीय?

वस्तादच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या, निमित्त काय ते एवढंच. उभा जन्म खुर्चीभोवती उभं राहून लोकांची डोकी भादरली की शिरा फुगणारच. छोटं ऑपरेशन ठरलं, त्याआधी रक्त तपासलं, आणि रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी उठून दार लावून घेतलं. दार लावून घेणारा डॉक्टर चांगली बातमी देत नाही, हे वस्तादला गिऱ्हाइकांकडून ऐकून ठाऊक होतं.

"तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय," बाई म्हणाल्या. "यकृताचा संसर्ग. आणि बहुतेक जुना आहे."

"काहीतरी गडबड असेल. मला काय धाड भरलीय? भूक लागते, झोप लागते."

"पुष्कळांना काहीच जाणवत नाही. वर्षानुवर्षं तो आत असतो आणि माणूस ठणठणीत. म्हणून तर लक्ष ठेवावं लागतं."

"पण आला कुठून?"

"शरीरसंबंधातून येतो, रक्तातून येतो, जन्मताना आईकडून येतो. तुम्हाला कुठून आला, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. घरी कोण असतं?"

"कोणी नाही. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, हृदयाच्या दुखण्याने. मुलगी आहे, ती तिच्या घरी. पोटुशी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तिला आजच सांगा. तिच्या रक्तात असेल, तर बाळाला जन्मल्या जन्मल्या लस द्यावी लागते. वेळेवर दिली तर बाळ बहुतेक सुटतं. उशीर नको." आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "काम काय करता?"

"सलून आहे माझं."

"अच्छा. मग एखाद्या वस्तऱ्यातूनही..."

वस्ताद ताडकन उभा राहिला. "माझ्या वस्तऱ्यातून? बाई, बाजारात कुणालाही विचारा. माझ्या दुकानातून आजवर कुणी साधी पुरळ घेऊन गेला नाही!"

वस्ताद बाहेर पडला आणि घराच्या उलट्या दिशेला चालू लागला, तेही त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आता वस्तादबद्दल एक सांगायला हवं. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता तो अशा गमती सांगायचा की हसून हसून माणसाची मान हलायची. लोकांना वाटायचं, हा भलताच रंगेल. पण जीभ सैल असली तरी पाऊल कधी वाकडं पडलं नव्हतं. लग्नाआधी नाही, नंतर नाही, बायको गेल्यावरही नाही. हे त्याला जितकं पक्कं माहीत होतं तितकं स्वतःचं वयही माहीत नव्हतं.

म्हणजे आपण नाही. वस्तरा तर नाहीच नाही. मग राहिलं कोण?

हा प्रश्न मनात आला आणि वस्तादला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली. पण आलेला प्रश्न काही जाईना. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती आणि महिना उलटला तरी आली नव्हती, ते कशामुळे? वरच्या मजल्यावरचा वायरमन न बोलावता पंखा दुरुस्त करायला यायचा, तो कशाला? इतकी वर्षं हे कधी सुचलं नव्हतं आणि आता डोकं त्याशिवाय काही विचारच करेना. ती असती तर भांडला असता, ओरडला असता, आणि तिने दोन शब्दांत गप्प केलं असतं. मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

दुकानात तो मुका झाला. शेजारच्या शिंप्याचा एक कल्ला वर आणि एक खाली कापून ठेवला. शिंपी आरशात बघून म्हणाला, "वस्ताद, मी वाकडा झालोय की आरसा?" वस्ताद हसलासुद्धा नाही.

त्यात मुलीला सांगायचं होतं. मुलगी आधीच दुरावलेली. आई गेल्यापासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. यायची, डबा ठेवायची, जायची. "बाबा, रक्त तपासून घ्या एकदा," एवढं मात्र सारखं म्हणायची, आणि वस्तादचं उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय?" सगळ्यात लागलं होतं ते वेगळंच. लहानपणापासून तिचे केस त्यानेच कापलेले. आई गेली आणि ती दुसरीकडे कापायला लागली. सलूनवाल्याची मुलगी परक्या दुकानात! वस्तादने विचारलं नाही. विचारलं असतं तर आवाज फुटला असता.

आता तिला सांगितलं की ती विचारणार, कुठून आला? माहीत नाही म्हटलं तर तिचं डोकंही याच वाटेने जाणार. पोटात बाळ असताना ती आपल्या मेलेल्या आईकडे संशयाने बघणार. वस्तादला ते सहन होईना. आपण संशय घेतला तेवढा पुरे. आपलं काय, लोक आपल्याला तसंही रंगेल समजतात.

दुकान बंद असतं त्या दिवशी त्याने तिला बोलावून घेतलं. शटर अर्धं ओढलं. ती पाय सुजलेत म्हणून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. वस्ताद सवयीने तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि आरशातल्या मुलीशी बोलू लागला. समोरासमोर जमलंच नसतं.

"माझ्या रक्तात एक रोग निघालाय. हिपॅटायटिस बी. तुलाही तपासून घ्यावं लागेल, बाळासाठी."

मुलगी खुर्चीत ताठ बसली.

"माझाच दोष आहे. मी... बाहेर गेलो होतो. खूप वर्षांपूर्वी. तुझ्या आईचा काही संबंध नाही."

आरशातल्या मुलीचे डोळे भरून आले. वस्तादला वाटलं, संपलं, आता ही उठून जाणार ती कायमची. पण तिने हात मागे नेऊन त्याचा हात धरला.

"मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"आईचंही रक्त तपासलं होतं. शेवटच्या वेळी, हॉस्पिटलात. तिलाही हेच निघालं. तिने मला तेव्हाच तपासायला लावलं. मला नाहीये, लसही घेतलीय. बाळाची काळजी करू नका."

वस्तादने खुर्चीची पाठ धरली.

"आई म्हणाली, मी तर कुठे गेले नाही, म्हणजे त्यांच्याकडूनच आलं असणार. पण त्यांना विचारू नकोस, लाजेने मरतील. नुसतं रक्त तपासायला लाव." ती रडता रडता हसली. "मी किती मागे लागले! तुम्ही आपलं, मला काय धाड भरलीय. मला इतका राग यायचा. वाटायचं, एकदा तरी कबूल करा. आज केलंत. सुटले मी."

मी तर कुठे गेले नाही. वस्तादच्या कानात तेवढंच घुमत राहिलं. ती गेली नव्हती. तोही गेला नव्हता. आणि त्याने केला तसाच संशय मनात घेऊन ती मेली होती, वर त्याला माफ करून. आनंद मानावा की रडावं, वस्तादला काही कळेना. मग उरलं तरी काय?

त्याने उजव्या हाताचा अंगठा बघितला. जुना वस्तरा होता, पट्ट्यावर घासायचा, तेव्हा प्रत्येक दाढीनंतर धार तो याच अंगठ्यावर बघायचा. गिऱ्हाइकाला कापलं की तुरटी लावायचा. स्वतःला कापलं की अंगठा तोंडात. पांढऱ्या रेषांनी अंगठा भरला होता.

"अगं, ऐक," तो घाईने म्हणाला. "मी खोटं बोललो. मी कुठेच गेलो नव्हतो. वस्तऱ्यातून आला असणार. हा बघ अंगठा. तुझ्या आईला माझ्याकडूनच आला, पण तसा नाही गं!"

मुलीने अंगठा बघितला. मग आरशातून त्याच्याकडे बघितलं, हट्ट करणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

"बाबा, तुमच्या वस्तऱ्यातून? आयुष्यभर सांगत आलात, माझ्या दुकानातून कुणी पुरळसुद्धा घेऊन गेला नाही म्हणून. आत्ता कुठे खरं बोललात, आता मागे फिरू नका. झालं गेलं. आईनेही माफ केलं, मीही केलं."

"पण तिला कळायला हवं होतं..."

"तिला सगळं कळत होतं," मुलगी म्हणाली आणि केसांची पिन काढली. इतक्या वर्षांनी केस त्याच्या हातावर पडले. "कापा आता. त्या पार्लरवाल्या बाईला मागून सारखे कापताच येत नाहीत. तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही."

वस्तादने तिच्या खांद्यांवर कापड घातलं, गळ्यापाशी गाठ मारली आणि कात्री उचलली. बोलायला तोंड उघडलं, तर तिने डोळे मिटून घेतले होते, लहानपणी मिटायची तसे. त्याने तोंड मिटलं. मग केस ओले केले आणि मागून कापायला सुरुवात केली.