बाहेरच्या बाजूचा कान

माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक माझ्या मुलीने पकडली. हे मी भेटेल त्याला सांगतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. बायको डोक्याला हात लावते. "लोक बक्षिसांचं कौतुक सांगतात," ती म्हणते, "आणि तुम्ही चुकीचं!"

मी छोट्या हेलिकॉप्टरांच्या कारखान्यात नकाशे काढायचो. दोन माणसांचं हेलिकॉप्टर, उडायला शिकवणाऱ्या शाळांसाठी. त्याला चाकं नसतात. खाली दोन लांब नळ्या असतात, त्यांना स्किड म्हणतात, आणि त्यांवर ते टेकतं. शेडमधून बाहेर काढताना प्रत्येक स्किडला तात्पुरतं चाक जोडायचं आणि ढकलत न्यायचं. ते चाक अडकवायला लोखंडाचा एक तुकडा बाहेर आलेला असे. आम्ही त्याला कान म्हणायचो. तो बाहेरच्या बाजूला, जरा खालच्या अंगाला, मी काढला होता. आतल्या बाजूला असता तर कामगारांना रोज यंत्राच्या पोटाखाली वाकावं लागलं असतं. तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, आणि खरं सांगायचं तर निवृत्त होईपर्यंत मी त्या शाबासकीवर ऐटीत जगलो.

पुढे मुलगी त्याच कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागली, अपघातांची तपासणी करणाऱ्या विभागात. एका वर्षात आमची तीन हेलिकॉप्टरं कलंडली. आकाशात नव्हे, जमिनीवरच, उचलताना नाहीतर टेकवताना. तिसऱ्या वेळी चालवणाऱ्या बाई वीस वर्षं शिकवत होत्या. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं, शेजारच्या विद्यार्थ्याचं खरचटण्यावर निभावलं. चौकशीत ठरलं, चूक बाईंची. त्यांचा परवाना काढून घेतला.

मुलगी त्यांना दवाखान्यात भेटली आणि तिथून तडक माझ्याकडे आली. जेवणाच्या टेबलावर तिने तीन फोटो मांडले.

"बाबा, हे बघा. तिन्हीमध्ये कानात माती आणि गवताची मुळं."

"यंत्र जमिनीवर पडलं, माती लागली. त्यात काय नवल?"

"नुसतं पडून माती अशी ठासून बसत नाही. आडवं सरकताना बसते. कान आतल्या बाजूला वाकलाय, दिसतंय?"

दिसत होतं. पण माझं तोंड ऐकेना. "पंचवीस वर्षं हाच कान आहे. तेव्हा नाही कुठे पडली ती?"

"तेव्हा शाळा सिमेंटवर शिकवायच्या. आता गवतावर शिकवतात."

मी ताटावरून उठलो. "कालपर्यंत पट्टीने रेघ मारता येत नव्हती, आणि मला शिकवतेस?" ती चिडली नाही. फोटो गोळा केले आणि म्हणाली, "शनिवारी कारखान्यात या. मी काही बोलणार नाही. तुम्ही फक्त बघा."

शनिवारी गेलो, मुख्यतः तिची खोड मोडायला. मागच्या अंगणात तिने गवताच्या लाद्या अंथरल्या होत्या. खऱ्या स्किडवर वजनं लादलेला सांगाडा उभा होता, वरून साखळीने अर्धा उचलून धरलेला, म्हणजे हेलिकॉप्टर जमीन सोडतं त्या क्षणी असतं तसा. दोघांनी दोरीने त्याला आडवं ओढलं, माणूस रमतगमत चालतो तितक्या वेगाने. कान गवतात रुतला. धावत्या माणसाला ठेच लागावी तसा सांगाडा त्या एका पायावर फिरला आणि धाडकन पडला. मी डोळे मिटून उघडेपर्यंत सगळं झालं होतं.

मग तिने कान कापलेली स्किड लावली. तीच दोरी, तोच वेग. सांगाडा हातभर घसरला, डुगडुगला आणि उभा राहिला.

"पुन्हा करा," मी म्हणालो. त्यांनी सहा वेळा केलं. सहाव्या वेळी दोरी मी स्वतः ओढली.

पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांसमोर बैठक झाली. जुना जाणकार म्हणून मलाही बोलावलं होतं. साहेब म्हणाले, "यंत्र एका बाजूला कलायला लागलं की चालकाने लगेच खाली टेकवायचं असतं. त्या बाईंनी टेकवलं नाही. संपला विषय."

"त्यांच्या हातात जेमतेम दीड सेकंद होता," मुलगी म्हणाली. "पाय आपणच अडकवला आणि पडल्या म्हणून त्यांनाच बोल लावतोय."

साहेबांचा आवाज चढला. "मग हा कान बाहेर ठेवण्याचा शहाणपणा कोणाचा?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही, मानही खाली घातली नाही. "माझ्या वडिलांचा," ती म्हणाली. "कामगारांची पाठ मोडू नये म्हणून त्यांनी तो तिथे ठेवला. त्या काळी ते बरोबर होतं. आता नाही."

तेवढ्या चार वाक्यांनी माझ्या अंगात जे काही भरलं ते मला सांगता येणार नाही. मी उठून उभा राहिलो. "साहेब, ती बोलतेय ते शंभर टक्के खरं आहे. सांगाडा मी माझ्या हाताने पाडलाय. कान काढा. उद्या नको, आजच काढा."

कान गेले. त्या जागी नळीच्या वरच्या बाजूला, हातभर काठीनेही चाक अडकवता येईल अशी खोबण आली. कोणालाच वाकावं लागत नव्हतं. ती तिचीच कल्पना, मला कधी सुचली नव्हती. दोन स्किडमधलं अंतरही तिने वीतभर वाढवून घेतलं. चौकशी पुन्हा उघडली आणि बाईंना परवाना परत मिळाला.

वर्षाने त्या बाईंनीच मुलीला शाळेत बोलावलं, मीही तिच्याबरोबर गेलो. आदल्या दिवशी उतरताना आडव्या वाऱ्याने एका विद्यार्थ्याचं हेलिकॉप्टर ढकललं होतं. गवतात दोन चर उमटले होते, सरळ, एकमेकांना समांतर, चांगले दोन हात लांब. त्यांच्या टोकाला हेलिकॉप्टर होतं, आपल्या दोन्ही पायांवर उभं.

"आधीचं असतं तर उलटलं असतं," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी हिचा बाप," मी म्हणालो.