लेकरांचं पीठ

इसाउराने डबीचं झाकण उघडलं, नखाच्या टोकावर मावेल एवढी करडी भुकटी जिभेवर ठेवली आणि वर कॉफीचा घोट घेतला. मग सवयीने डोळे मिटून संथ श्वास घेत राहिली. डोळे उघडले तेव्हा चुलीपुढे बसलेली एर्मेलिंदा आत्या तिच्याकडेच बघत होती. तव्यावरची मक्याची भाकरी एका अंगाने करपली होती, तरी आत्याचं लक्ष नव्हतं.

"काय खाल्लंस?"

"औषध आहे, आत्या."

"बघू."

डबी दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आत्याने ती नाकाशी नेली आणि तिचा चेहराच उतरला. आजाऱ्याला, अडल्यानडल्याला अळंबी देऊन त्याच्यासोबत रात्रभर गात बसणारी ही बाई. सगळा डोंगर तिच्या दारात यायचा. तिला वास ओळखायला कितीसा वेळ लागणार? डोंगरात या अळंब्यांना कुणी अळंबी म्हणतच नाही. लेकरं म्हणतात, कारण खाणाऱ्याशी ती रात्री बोलतात, विचारलेलं सांगतात.

"लेकरांचं पीठ केलंस?"

"मी नाही केलं. शहरात मिळतं तसलं." इसाउरा खाली बघून बोलत होती. "शिवणाच्या कारखान्यातल्या मैत्रिणीने शिकवलं. कणभरच घ्यायची, मधे दिवस सोडायचे. दारूला शिवायचं नाही, मन शांत ठेवायचं. काही दिसत नाही त्यानं, काही ऐकू येत नाही. नुसता दिवस ढकलता येतो."

"नियम चांगले आहेत." आत्याने करपलेली भाकरी कोंबड्यांकडे भिरकावली. "नियम आमच्यातही आहेत. पण लेकरं बोलायला येतात गं. तू त्यांना दारात उभं करतेस आणि तोंड उघडू देत नाहीस."

इसाउराने कप विसळायला घेतला. तिचा नवरा रुफिनो कामासाठी उत्तरेला गेला, देशाच्या सीमेवरच्या कुठल्याशा गावातून त्याचा फोन आला, "उद्या पलीकडे जातोय" म्हणाला, आणि तिथून पुढे सगळं सामसूम. आता तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी ती धाय मोकलून रडली. दुसऱ्या वर्षी अंथरुणातून उठेना. मग ही डबी आली आणि ती उठली, केस विंचरू लागली, कारखान्यात कुणाच्या थट्टेवर चक्क हसली. त्या हसण्याची तिला एवढी लाज वाटली की दिवसभर तिने मान वर केली नाही.

यंदा सासूने तिला इकडे धाडलं होतं. मृतांचा सण तोंडावर आला होता. घरोघरी चौरंग मांडतील, गेलेल्यांचे फोटो ठेवतील, त्यांच्या आवडीचं ताट वाढतील, पानात वाफवलेले मक्याचे तमाल, कॉफी. रुफिनोचा फोटो ठेवायचा की नाही? गेला असेल आणि ताट वाढलं नाही, तर पोरगं उपाशी वणवणणार. जिवंत असेल आणि ताट वाढलं, तर आपणच त्याच्यावर मरण ओढवणार. इकडे आड, तिकडे विहीर. दोन सण सासूसुनांनी असेच घालवले होते, फोटो कधी कपाटात, कधी उशीखाली. शेवटी सासू फिदेन्सियाने निर्वाणीचं सांगितलं, "तुझी आत्या जाणती आहे. विचारून ये. उत्तर आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

"आल्यापासून भांडी घासतेस, कॉफी निवडतेस," आत्या म्हणाली. "ताकाला आलीस ना? मग भांडं कशाला लपवतेस?"

"रुफिनोचं विचारायचंय."

"ते गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. चार दिवस पथ्य पाळ, मग बसू. ती डबी इथे ठेव."

डबी गेली आणि ते चार दिवस इसाउराने कसे काढले तिचं तिला ठाऊक. घास तोंडात फिरायचा. कॉफीच्या बिया निवडताना हात थांबायचे आणि ती त्या बियांकडे बघत बसायची. एकदा तर आत्याच्या पायांशी बसून तिने भीकच मागितली. "आजच्यापुरती दे. नखाएवढी."

आत्याने तिच्या केसांतून हात फिरवला, पण डबी काढली नाही. "रुफिनोसाठीची लेकरं तुझ्याच हाताने खुडलेली हवीत," एवढंच म्हणाली.

पाचव्या दिवशी पहाटे इसाउरा उसाच्या फडापलीकडच्या उतारावर गेली. लेकरं जोडीनेच खायची असतात, म्हणून जोडी जोडी बघून तिने ती खुडली, केळीच्या पानात अलगद गुंडाळली आणि परत फिरली. धुकं होतं. वाटेत कुणी भेटलं नाही, कुत्रंसुद्धा नाही.

शेवटच्या वळणावर घर दिसलं आणि तिचे पाय थबकले. अंगण झाडून झालं होतं. आत्या पायरीवर बसून फुलं ओवत होती. आज रात्री दिवा मालवणार, लेकरं बोलणार. आणि ती काय बोलणार हे इसाउराला आत्ताच, या वळणावर, लख्ख कळलं. रविवारी आईशी फोनवर बोलल्याशिवाय तो माणूस घास तोंडात घालत नसे. परमुलुखात असला, तापाने फणफणत असला तरी. एवढे रविवार गेले. इतकी साधी गोष्ट तिने इतके दिवस कणाकणाने गिळून खाली ढकलली होती. आता ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची? छे, नाही झेपणार. तिला नुसतं पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे?

सुटायची एकच वाट होती. लेकरं आणताना रस्त्यात प्रेत आडवं गेलं तर ती मुकी होतात, मातीत पुरून टाकावी लागतात. मग बसणं होत नाही. पाऊस सरत आला होता, उतारावरही फारशी उरली नव्हती. एकदा चुकलं की थेट पुढच्या वर्षावर गेलं.

ती अंगणाच्या कडेलाच उभी राहिली.

"आत्या, वाटेत प्रेत भेटलं."

आत्याची सुई थांबली. या गावात कुणी गेलं की आधी देवळाची घंटा वाजते, मग बातमी येते. पहाटेपासून घंटा वाजली नव्हती. हे आत्याला ठाऊक होतं, आणि इसाउरालाही. आता बोलणी खायची म्हणून इसाउराने मान खाली घातली.

आत्याने फुलं बाजूला ठेवली. कुणाच्याही मयताबद्दल विचारावं तशा साध्या आवाजात तिने विचारलं,

"कुणाचं गं?"

एखादं नाव पुरलं असतं. खालच्या आळीतला म्हातारा सुतार तर कधीचा अंथरुणाला खिळलेला होता. इसाउराने त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"रुफिनोचं," ती म्हणाली.

आत्या उठली. कुठे, कधी, काही विचारलं नाही. तिने इसाउराच्या हातातलं पुडकं घेतलं, परसातल्या केळीखाली हाताने माती उकरली आणि न उघडताच ते पुरलं. मग भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन आली. मयतावरून आलेल्या माणसाने हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो.

"हात पुढे कर."

पाणी पडू लागलं. इसाउराच्या घशातून आवाज फुटला, आधी खरखरीत, मग मोठा. शेजारची बाई कुंपणाशी आली, बघितलं आणि डोक्यावरून शाल ओढून घेत तिथेच उभी राहिली. आत्या घाई न करता पाणी ओतत होती.

तुंबा रिकामा झाल्यावर तिने विचारलं, "जेवायला काय आवडायचं त्याला?"

इसाउराने ओल्या हातांनीच तोंड पुसलं.

"घेवड्याचे तमाल," ती म्हणाली. "तिखट जास्त लागायचं."