पंधरापैकी सहा मिनिटे

मी एक जुनी पितळी घंटी आहे. मूठ धरून हलवायची नव्हे, टेबलावर बसणारी. डोक्यावरची कळ दाबली की मी वाजते आणि बोलणारा माणूस गप्प होतो. मित्रांनो, माझे सारे आयुष्य माणसांना गप्प करण्यात गेले, आणि त्याबद्दल माझे फार कौतुकही झाले.

मला घडवले एका ओताऱ्याने. साचा फोडून त्याने मला पहिल्यांदा वाजवले, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "ऐकलास आवाज? थेट तुझ्या आईचा!"

ती म्हणाली, "मग जपून हात लावा. माझ्या आईनं एकदा सुरू केलं की थांबत नाही."

साथीच्या रोगांशी कसे लढावे हे ठरवायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ दर दोन वर्षांनी एका परिषदेला जमत. तिथे अध्यक्षांच्या टेबलावर माझी जागा होती. मला वाजवण्याचे काम कार्यालयातल्या एका बाईंकडे असे. त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत. दोन मिनिटे उरली की एक टोला, वेळ संपला की दोन. नियम सर्वांना सारखा, असे कार्यक्रमपत्रिकेवर छापलेले होते. पण उद्घाटनाचे पाहुणे पाच मिनिटांच्या जागी पाऊण तास बोलत, आणि घड्याळबाईंचा हात माझ्याकडे आला की अध्यक्ष डोळे वटारत. मग तो गेलेला वेळ भरून कुठून काढायचा? जेवणाआधी ज्याचा शेवटचा नंबर असेल, त्याच्याकडून.

त्या वर्षी तो नंबर एका परिचारिकेचा होता. डोंगरातल्या वस्त्यांवर पायी फिरून मुलांना लस टोचणारी ही बाई दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. "आमच्याकडे मला टोचणीबाई म्हणतात," ती घड्याळबाईंना म्हणाली, "पोरं मला बघून पळतात. इथले साहेबलोक नाही पळाले म्हणजे झालं!"

तिच्या भागात घटसर्पाने मुलांचे गळे बंद होत होते, आणि ती मुले लस टोचलेली होती. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की लस वाटेत उन्हाने बिघडते. तेव्हा पेट्यांत बर्फ दुप्पट भरा. तसा ठराव त्याच दुपारी व्हायचा होता. टोचणीबाई नेमके उलटे सांगायला आली होती. ही लस बर्फाला चिकटून गोठते, आणि एकदा गोठली की तिच्यात काही राम राहत नाही.

पुरावा तिने रुमालात गुंडाळून आणला होता. लसीच्या दोन बाटल्या. एक कधीच न गोठलेली, दुसरी गोठून वितळलेली. दोन्ही हलवून ठेवायच्या. पंधरा मिनिटांत गोठलेल्या लसीचा गाळ तळाशी बसतो. चांगली लस तशीच दुधाळ राहते. पत्रिकेत तिला वेळही बरोबर पंधरा मिनिटेच दिलेला होता.

ती व्यासपीठावर चढत असतानाच अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, उशीर झालाय. सहा मिनिटांत आटपा."

"सहा? अहो साहेब, गाळ बसायलाच वेळ लागतो."

"मग तुम्ही उभ्यानंच बोला," ते म्हणाले. सभागृह हसले.

तिने बाटल्या हलवल्या, माझ्याशेजारी ठेवल्या आणि बोलू लागली. चार मिनिटे झाली, मी एक टोला दिला. तेवढ्यात अध्यक्षांनी एक बाटली उचलली, खळखळ हलवली, उजेडात धरली. मग दुसरीही. "मला तर दोन्ही सारख्याच दिसतात."

"हलवू नका हो साहेब! आता पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागेल. पंधराच मिनिटं थांबा. जेवण काही पळून जात नाही."

दोन टोले. ते मीच दिले, मित्रांनो. चांगले खणखणीत.

सभागृह रिकामे झाले. टोचणीबाई बाटल्यांपाशी उभी राहिली, घड्याळबाईही जेवायला गेल्या नाहीत. एका बाटलीतला गाळ हळूहळू खाली उतरला आणि वर नितळ पाणी राहिले. आंधळ्यालासुद्धा दिसावे इतके स्पष्ट. अध्यक्ष परतले तेव्हा घड्याळबाई आडव्या गेल्या. "साहेब, एवढं बघा."

"आधी ठराव, मग बाटल्या."

हात वर करा म्हटल्याबरोबर घड्याळबाईंनी माझी कळ दाबली. एकदा नव्हे, दहा-बारा वेळा. हुकमावाचून मी त्या एकाच दिवशी वाजले. अध्यक्ष हसत म्हणाले, "घंटी बिघडली वाटतं." सगळे हसले आणि हसता हसताच हात वर झाले.

मग अध्यक्षांनी बाटल्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या परिषदेत यावर बोलू."

हिवाळा संपताना घड्याळबाईंना टोचणीबाईचे पत्र आले. ते त्यांनी माझ्यासमोर बसून दोनदा वाचले. "तुमच्या नियमाप्रमाणे बर्फ दुप्पट केला. वरून तपासणी येते, सही द्यावी लागते. माझ्याच हातानं भरते. या हिवाळ्यात आमच्या वस्त्यांवरची अकरा मुलं गेली. सगळी मी टोचलेली. आता पोरं पळत नाहीत, त्यांच्या आयाच दार लावून घेतात."

पुढच्या परिषदेत एका नामवंत प्राध्यापकांनी हीच गोष्ट चाळीस मिनिटे सांगितली. कोणी मला हात लावला नाही. टाळ्या झाल्या, नियम बदलला. घड्याळबाईंनी त्यांना विचारले, "टोचणीबाईंचा उल्लेख राहिला का हो?" ते म्हणाले, "कोण?"

आज मी त्याच इमारतीत येण्याजाण्याच्या वाटेवर एका फळीवर आहे. खाली चिठ्ठी आहे: 'शिस्तीची आठवण'. दर महिन्याला मला घासूनपुसून लख्ख करतात. इतकी काळजी त्या अकरांपैकी एकाची जरी घेतली असती!

मित्रांनो, तुमच्या शाळेची सहल इथे आली, तर माझी कळ दाबायचा मोह तुम्हाला होईल. खुशाल दाबा. पण त्याआधी मागे वळून बघा, कोणाचे बोलणे अर्धे राहिले नाही ना. राहिले असेल, तर बोट मागे घ्या आणि थांबा. त्याला कितीही वेळ लागला तरी थांबा.