खटक्याचं गाणं

गाणं थांबलंच नाही.

सोपानचा हात मात्र सवयीनं वर गेला होता. मंचरच्या सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या खुराड्यात तो कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसला होता, आणि बरोब्बर त्या जागेवर त्यानं पंजा उघडून वर धरला. गेली बारा वर्षं मिरवणुकीत तो असाच पंजा धरत आला होता. पंजा वर गेला की सगळं बंद. बँजो बंद, ढोल बंद, खुळखुळासुद्धा बंद. इथं पंजा वर गेला आणि गिटार खुशाल पुढं वाजत राहिली. सोपाननं दचकून डोळे उघडले.

“अमृते, ह्ये काय गं? ह्ये थांबंना!”

“थांबंल कशाला, अण्णा? अजून तीन मिनिटं बाकी हायेत.”

“बाकी? आगं, हितं संपतं ह्ये गाणं!”

हेडफोनमुळे आपण ओरडतोय हे त्याला कळत नव्हतं. शेजारच्या खुराड्यातून कुणीतरी “ओ काका, हळू!” म्हणालं. अमृता त्याच्या धाकट्या भावाची मुलगी, मंचरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. तिनं गाणं मागं नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. खटका यायच्या जागी खटका नाही, आणि त्यापुढं हे असलं काहीतरी संथ, जड, सोपाननं जन्मात न ऐकलेलं. आपल्याच घरात, आपण बांधलेल्या घरात, कधीच न पाहिलेली एक खोली निघावी तसं झालं.

अवसरी बुद्रुकचा सोपान दिवसा जळलेल्या पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. लग्नसराईत मात्र तो सोपान मिस्त्री राहायचा नाही. टेम्पोवर जनरेटर, दोन कर्णे, गळ्यात टाइपरायटरसारख्या बटणांचा बँजो, आणि मागं ढोलावर गेणभाऊ. जुन्नर-आंबेगावात असं गाव शोधून सापडलं नसतं जिथं त्याची पार्टी वाजली नव्हती. आणि पार्टी म्हटली की एकच फर्माईश, खटक्याचं गाणं!

ते आणलं रुपेशनं. सोपानचा थोरला. शाळेच्या सहलीत खोडदच्या दुर्बिणीच्या त्या अवाढव्य छत्र्या पाहून आला आणि पोरगं वरच बघत चालायला लागलं. तारे, ग्रह, यानं, दुसरं बोलणं नाही. अकरावीला असताना नारायणगावच्या कुठल्या मित्राकडून त्यानं एक कॅसेट भरून आणली, परदेशी पोरांची. सोपान म्हणाला होता, “ह्ये गाणं हाय का खडी फोडायची मशीन?” रुपेश म्हणाला, “अण्णा, नीट ऐका तर. लई भारी गोष्ट हाय. पृथ्वी जुनी झालीय. लोक बायकापोरं घेऊन, बियाणं घेऊन यानात बसल्यात, झोपल्यात, आणि निघाल्यात नव्या घराला. एक राखनदार तेवढा जागा हाय. ह्ये धाड धाड वाजतंय ना, त्ये त्यो दारं लावतोय.” इतकं सांगेपर्यंत गाणं खाडकन थांबायचं. मग कॅसेट उलटायची.

नव्या घराला निघालेल्यांचं गाणं! लग्नात वाजवायला दुसरं काय पाहिजे? सोपाननं ते बँजोवर बसवलं, खटक्यासकट. कर्ण्याचा पडदा फाटलेला होता, त्यामुळे आवाजही त्या गोऱ्यांच्या गिटारीसारखा, भसाडा आणि झणझणीत. पहिल्याच लग्नात खटका आला, सगळं एकदम गप्प झालं आणि त्या शांततेत एका पोरानं नवरदेवाच्या नावानं बोंब ठोकली. झालं, तेव्हापासून रीतच पडली. खटका आला की अख्ख्या मिरवणुकीनं नवरदेवाचं नाव घ्यायचं, शिट्ट्या मारायच्या, आणि मग गाणं पुन्हा पहिल्यापासून.

दोन वर्षांनी आळेफाट्याच्या वळणावर एका ट्रकनं रुपेशला उडवलं. बारावीचा निकाल यायचा होता. त्यानंतर सोपाननं एक हंगाम बँजोला हात लावला नाही. दुसऱ्या हंगामात टेम्पोवर ‘रुपेश बँजो पार्टी’ असं नाव रंगवून घेतलं आणि पहिलं गाणं तेच वाजवलं.

आता चार दिवसांवर मुलीचं, यशोधराचं लग्न आलं होतं. तिनं बजावून ठेवलं होतं, “अण्णा, पाठवणीला रडारड नको. जीप निघताना दादाचं गाणं वाजवायचं.” सोपाननं शब्द दिला. सराव करावा म्हणून जुनी कॅसेट लावली तर टेपनं ती गिळली. पट्टीचा नुसता गुंता. म्हणून कव्हरवरचं रुपेशच्या अक्षरातलं गाण्याचं नाव घेऊन तो अमृताबरोबर इथं आला होता.

“मंग पुढं काय हाय त्ये तरी सांग,” सोपान म्हणाला. “काय म्हंत्यात त्ये?”

अमृतानं दुसरं पान उघडलं. या गाण्याचे चाहते तिथं एकमेकांशी बोलत होते, बोलत कसले, भांडत होते. कुणी ब्राझीलचा, कुणी फिनलंडचा. “एक जन म्हंतोय, गाणं एका जुन्या विज्ञानकथेवरून घेतलंय. दुसरा म्हंतोय, न्हाई, ती गोष्ट येगळी. तिसरा म्हंतोय की शेवटाकडं ढोल मुद्दाम हळू हळू हुत जातो...”

“आगं ढोल राहू दे! गोष्ट सांग.”

अमृता वाचत गेली. मग वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

“अण्णा, त्ये पोचत न्हाईत.”

“म्हंजी?”

“यानातली मान्सं. झोपेतच गेली समदी. वाटंतच. राखनदाराला ठाऊक न्हाई. पोचल्यावर त्यो एकेकाचं दार वाजवतो, उठा म्हंतो. कुनीच उठत न्हाई. मग त्याला कळतं, की ही शंभर वर्षांमागंच मेल्यात. तरी त्यो वाजवतच राहतो. त्ये धाड धाड हाय ना, त्ये त्येच.”

सोपानच्या डोळ्यांपुढून नवरदेव जाऊ लागले, घोड्यावरचे, जीपवरचे, बाशिंगाचे, फेट्याचे, बारा वर्षांतले सगळे. प्रत्येकाच्या पुढं त्यानं हे वाजवलं होतं. लोकांनी पैसे ओवाळून टाकले होते.

“आरं देवा,” तो म्हणाला. बौद्धाच्या घरात देव नव्हता, पण तोंडातून निघून गेलं. “म्हंजी मी लोकांच्या लग्नात मढ्यांची दारं वाजवीत व्हतो?”

मग सोपानच्या मनात त्याहून वाईट गोष्ट आली, आणि ती आल्याचा त्याला स्वतःचाच राग आला. पोराला इंग्रजी येत होतं. त्याला हे ठाऊक असणार. बापाला फसवून त्यानं गंमत तर नाही केली? मित्रामित्रांत हसला असेल का? आमचा म्हातारा बघा, लग्नात काय वाजवतोय?

“थांबा, थांबा,” अमृता एकदम म्हणाली. “ह्यो बघा एक. कुठला तरी पोस्टमन हाय, बर्फाच्या देशातला. त्यो म्हंतोय, ‘माझी कॅसेट साठ मिनिटांची होती. एक बाजू संपली की गाणं निम्म्यातच तुटायचं. नऊ वर्षं मी समजत होतो की ते सुखरूप पोचले. पुरतं ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.’ आणि खाली समदे त्याला हसल्यात.”

“हसल्यात?” सोपान ताठ बसला. “भाड्यांनो, हसता काय! अमृते, ल्ही त्याला.”

“काय लिहू?”

सोपान पडद्याकडं वाकला. “म्हनाव, पावणं, आमच्याकडं बी तितंच थांबतं. म्हनाव, आमच्याकडं लोक तितं शिट्ट्या मारत्यात.”

घरी आला तेव्हा त्याची बायको बनाबाई अंगणात रुखवताचे लाडू डब्यात भरत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. “त्या पोस्टमनाची बी कॅसेट अपुरी व्हती, आपली बी अपुरी. पण आपल्या रुपेशनं मित्राकडं पुरतं ऐकलं असंल तर? त्याला ठाऊक असंल का गं?”

बनाबाईनं डब्याचं झाकण लावलं. “त्याच्या पोटात काय राहत व्हतं का? गणितात नापास झाला तर चप्पल काढायच्या आधी सांगायचा. ठाऊक असतं तर तुमाला पयल्याच दिवशी सांगितलं असतं, आणि रडला बी असता.”

सोपान पायरीवर बसला. छातीवरचा एक दगड खाली उतरला, पण दुसरा तसाच होता.

“पन त्यो राखनदार, बने. कुनी उठत न्हाई, आन ह्यो वाजवतोय. धा वर्सं मी दुसरं काय केलं?”

“मग मी काय येगळं करते?” बनाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. “अजून सकाळी सहाला माझ्या तोंडात येतं, उठ रं रुपेश, क्लासची येळ झाली. तोंडातल्या तोंडात म्हंते आन चूल पेटवते. तुमी निदान वाजवून मोकळं तरी व्हता.”

हे त्याला ठाऊकच नव्हतं. एका घरात राहून दहा वर्षं त्याला हे ठाऊक नव्हतं. सायबर कॅफेत बसला नव्हता एवढा धक्का त्याला त्या पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गेणभाऊला सांगून टाकलं, “पाठवणीला त्ये गाणं वाजवायचं न्हाई.” कारण सांगितलं नाही. गेणभाऊ बघतच राहिला. “येडा झाला का राव? पोरगी काय म्हनंल?” तीन दिवस तो मोटारींची तार गुंडाळत होता आणि मनात वेढ्यांचा हिशेब नाही, नुसती धाड धाड चालू होती. खटक्यापुढचं सगळं गाणं त्याला पाठ झालं होतं, ही दुसरी पंचाईत.

लग्न दुपारी लागलं. ओझरकडचं वऱ्हाड, पांढऱ्या साडीतली यशोधरा, बुद्धवंदना, हार, टाळ्या, जेवणं. चारच्या सुमाराला जीप मांडवाच्या तोंडाशी लागली. यशोधरा आईच्या गळ्यात पडली, अमृताच्या पडली आणि मग बापासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल, पण हनुवटी वर.

“अण्णा, गाणं?”

सोपाननं तिच्याकडं पाहिलं. हनुवटी अगदी रुपेशची. तो टेम्पोपाशी गेला आणि त्यानं बँजो गळ्यात घातला. गेणभाऊनं काही न विचारता ढोल बांधला.

कर्णा भसाड्या आवाजात गरजला. लोक बायकापोरं घेऊन निघाले, बियाणं घेऊन निघाले, दारं लागली. पाहुण्यांतली म्हातारी माणसंसुद्धा पाय हलवायला लागली. सोपान वाजवत होता आणि रडत होता, त्यानं ते लपवलं नाही. जीप सुरू झाली. जागा आली. त्याचा पंजा वर गेला.

खटका.

लोक तोंड उघडून थांबले. नाव कुणाचं घ्यायचं तेच कुणाला उमगेना. नवरदेव तर निघाला होता, आणि ही काय वरात नव्हे. मांडवाखाली एवढी माणसं, पण चकार शब्द नाही. तेवढ्यात जीपच्या खिडकीतून यशोधरानं अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळं बळ एकवटून ती ओरडली,

“रुपेशदादाऽऽ!”

मग मांडव ओरडला. गेणभाऊ ओरडला, ओझरचे पाहुणे कोण रुपेश ते ठाऊक नसताना ओरडले, शिट्ट्या झाल्या. बनाबाई तोंडात पदर धरून उभी होती, तिनं पदर काढला आणि तीही मोठ्यानं म्हणाली, “रुपेश!”

जीप वळणावरून दिसेनाशी झाली. गेणभाऊनं गाणं पहिल्यापासून उचलायला टिपरू वर धरलं आणि सोपानच्या पंजाकडं बघत राहिला. सोपाननं पंजा खाली आणला, बँजोच्या तारांवर सपाट ठेवला आणि तसाच दाबून धरला. “बास, गेणभाऊ. हितं संपतं ह्ये गाणं.”